अठरा गेजचा पत्रा

गाव कोणतं, असं लिंबाजीनं कामाच्या नादात सहज विचारलं आणि चंद्रभानच्या तोंडून 'मानवत' निघून गेलं. खोटं बोलायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. ठरवायला वेळच कुठे होता? हातात बावीस गेजच्या पत्र्याचा एक तुकडा होता, अंगठ्यानं दाबला की खोल जाणारा आणि सोडला की टक् करून वर येणारा, आणि तो आपला दाबत होता, सोडत होता. त्याआधी मिनिटभर लिंबाजी स्वतःचं सांगत होता. आपण मूळचे देवगाव फाट्याकडच्या खापरवाडीचे, कपाटाचं काम हैदराबादला शिकलो, अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव जाळपोळ झाली तेव्हा आईला आणि बायको-पोराला घेऊन परभणीत आलो, ते इथलेच झालो. सुरात तक्रार नव्हती. दुकानाचा पत्ता सांगावा तसं त्यानं ते सांगितलं. खापरवाडी हे नाव कानावर पडलं आणि चंद्रभानच्या अंगठ्याखालचा पत्रा खोलच राहिला. तो स्वतः खापरवाडीचा होता. तिथल्या दिनकररावांचा सख्खा पुतण्या. दुकानाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाजवळ, एक म्हातारी पॉलिश पेपरचे चौकोनी तुकडे कापत बसली होती. 'मानवत' ऐकल्यावर तिची कात्री थांबली असं त्याला वाटलं. खरंच थांबली की नाही, हे पुढे कितीतरी दिवस त्याला ठरवता आलं नाही.

तो आला होता कॉम्प्युटरच्या पेटीसाठी. जिंतूर रोडवर त्याचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, सात मशिनींचं, आणि सहा महिने औरंगाबादला येऊन-जाऊन तो कॉम्प्युटर जोडायला शिकून आला होता. त्र्याण्णव सालच्या परभणीत ही गोष्ट लोक पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेत. सगळे सुटे भाग त्यानं हैदराबादच्या बाजारातून एकेक पारखून आणले, मदरबोर्ड मांडीवर ठेवून रेल्वेनं रात्रभर बसून आणला, आणि पेटीच्या बाबतीत मात्र फसला. दिसायला पांढरीशुभ्र, गुळगुळीत होती. पत्रा होता कागदाच्या जातीचा. आडव्या पेटीवर चौदा इंची मॉनिटर ठेवायचा असतो. ठेवला, मुली टाळ्या वाजवायला तयार उभ्या राहिल्या, त्यानं बटण दाबलं, आणि वजनानं झाकण हळूहळू पोटात गेलं ते थेट आतल्या कार्डाला जाऊन टेकलं. एक बारीक ठिणगी, जळक्या वार्निशचा वास, आणि काळोखा पडदा. बोर्ड वाचला हे नशीब. मुली पांगल्या तरी तो वास त्याच्या नाकातून दोन दिवस गेला नाही. जेवताना, आंघोळ करताना यायचा. बायको सुमन म्हणाली, एवढा जीव त्या डब्यात अडकलाय तर डबा तरी धड घ्या. मग ज्याला विचारावं तो लिंबाजीचंच नाव सांगे. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांना पत्र्याचं महत्त्व कळलं होतं, आणि लिंबाजीचं कपाट गच्चीवरून पडलं तरी दार वाकडं होत नाही, अशी त्याची ख्याती होती.

"आत काय ऱ्हाणार हाय ते सांगा मास्तर," लिंबाजी म्हणाला होता. "मंग पत्रा कोणता ते मी सांगतो."

चंद्रभाननं मापांचा कागद पुढे केला. एवढी लांबी, एवढी रुंदी, मागे कार्डांसाठी पाच फटी, पंख्याला गोल भोक, पुढे फ्लॉपीसाठी तोंड. 'मानवत' म्हणून झाल्यावर त्यानं जवळजवळ काहीच तोंडानं सांगितलं नाही. बोट ठेवून दाखवलं, मान हलवली, पेन्सिलीनं रेघ मारली. लिंबाजीनं दोन तुकडे त्याच्या पुढ्यात टाकले, एक तो बावीस गेजचा आणि एक अठरा गेजचा, काळसर, जड. दुसरा त्यानं उचलला तेव्हा मनगटाला ओढ बसली. जडच घ्या असं नाही म्हणत, लिंबाजी सांगत होता, बावीसलाही आतून पट्ट्या मारल्या तर ताकद येते, हलकी राहते, इकडून तिकडं नेता येते. अठरा गेजला भोकं पाडायची तर माझे हात दुखतात, पण एकदा झाली की झाली. ठरवून सांगा. चंद्रभाननं परवा येतो अशी खूण केली आणि सायकल घेऊन निघाला. रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो अजूनही तोंड घट्ट मिटूनच सायकल मारतोय.

घाबरायचं कारण त्याच्या आवाजात होतं. लोकांना तो मऊ बोलणारा मास्तर म्हणून माहीत होता. सुमन म्हणायची, तुम्ही आडात उतरून बोलल्यासारखं बोलता. पण सतराव्या वर्षापर्यंत तो असा नव्हता. खापरवाडीच्या पारावर संध्याकाळी बसून तो अख्ख्या गावाचे आवाज काढायचा. पोस्टमनचा, कीर्तनकाराचा, तलाठ्याचा, दम्यानं धापणाऱ्या आपल्याच आजोबांचा. आणि सगळ्यांत हुबेहूब काढायचा तो अंगदचा. अंगद हटकराचा पोर, त्याच्याच वयाचा, मेंढरांमागे रानोमाळ ओरडून त्याचा गळा चिरका झाला होता. पहिलं अक्षर तो लांब ओढायचा आणि शेवटचं गिळून टाकायचा. चंद्रभाननं तो आवाज काढला की अंगदची मेंढरंसुद्धा मान वर करतात, असं लोक म्हणत आणि अंगद स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त हसे. दोघांनी एका बाकावर चौथीपर्यंतची शाळा काढली होती. हे सगळं आठवताना त्याला पारावरच्या हसण्याचाच जास्त त्रास व्हायचा. त्या हसण्यात चुलते दिनकरराव पण होते, एका बाजूला तंबाखू मळत बसलेले, लक्ष नसल्यासारखे.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टातली ती दिवेलागण. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला होता आणि आजूबाजूच्या गावांतून रोज धुराची बातमी येत होती. खापरवाडीतून चाळीसेक माणूस बौद्धवाड्याकडे निघालं, त्यात तो होता. त्याच्या हातात काही नव्हतं. हे तो स्वतःला पुढे वर्षानुवर्षं सांगत आला. बाकीची घरं आधीच रिकामी झाली होती, माणसं ओढ्याकडून उसात पळाली होती. शेवटचं घर तेवढं आतून बंद होतं. पंचफुलाचं. आत ती, तिची ओली बाळंतीण सून आणि नऊ दिवसांचं पोर; मुलगा तेव्हा हैदराबादला कपाटाच्या कामावर. बाळंतिणीला पळवणार कुठे? त्या घराचं दार पत्र्याचं होतं आणि ते तुटेना. कुऱ्हाडी घातल्या, लाकडाचा ओंडका मारला, दगड मारले. दर घावाला तो पत्रा गावभर वाजे, आणि पुन्हा तसाच उभा. मग दिनकररावांचा हात त्याच्या खांद्यावर आला. अगदी मायेनं. ते म्हणाले, तिला अंगदच्या घरचं दूध जातं रोज. अंगद म्हणून हाक मार, उघडंल ती. त्यानं क्षणभर वाट पाहिली. क्षणभरच. कुणीतरी हसलं. आणि मग त्यानं पहिलं अक्षर लांब ओढलं आणि शेवटचं गिळलं. काकी, म्या अंगद हाय. मागल्या अंगानं काढतो तुमाला. उघडा.

कडी निघाल्याचा आवाज त्याला दगडांच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू आला. पुढचं त्यानं पाहिलं नाही, तो पळाला. पण न बघताही त्याला कळलं. सून आणि पोर वाचलं, पंचफुलाला कुणीतरी पायऱ्यांवरून ढकललं आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, घर रात्रभर जळत राहिलं. आणि चार दिवसांनी तालुक्याहून पोलीस आले ते अंगदला घेऊन गेले. कारण पंचफुलानं दवाखान्यातल्या खाटेवर एकच नाव सांगितलं होतं. तिला बाकी कुणी दिसलं नव्हतं, तिनं ऐकलं होतं. अकरा दिवस तो कोठडीत होता. सुटून आला तेव्हा त्याचा चिरका आवाज बसलेला होता, कायमचा. त्याचं जमलेलं लग्न मोडलं, वस्तीवरची माणसं त्याला पाणी देईनात, आणि गावातल्या शहाण्यांनी पारावर बसून सांगितलं की काम हटकराच्या पोरानं केलं. चंद्रभान त्याच महिन्यात परभणीला कॉलेजात आला. त्यानंतर त्यानं कुणाचाही आवाज काढला नाही. पुढे स्वतःचासुद्धा काढायचं तो टाळू लागला. टायपिंग त्याला आवडलं ते म्हणूनच असावं. तिथे बोटं बोलतात.

तेव्हा म्हातारी ओळखणार काय? हा विचार त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना सुचला आणि एकदम हलकं वाटलं. तिनं जो ऐकला तो त्याचा आवाज नव्हताच, अंगदचा होता. त्याचा खरा आवाज तिनं पारावर लांबून ऐकला असला तर असला. तो अगदी सुरक्षित होता. आणि हे हलकं वाटणं इतकं स्पष्ट, इतकं ऊबदार होतं की त्याची त्यालाच शिसारी आली. हातातला ब्रश तसाच ठेवून तो न्हाणीच्या पायरीवर बसून राहिला. सुमननं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, पत्रा कुठला घ्यावा कळत नाहीये. दुसरीकडे जाऊन पेटी करून घेता आली असती. सेलूला एक जण होता, मानवतला होता. त्यानं मनात तसं दोनदा ठरवलं. पण लिंबाजीच्याच दुकानाकडे त्याची सायकल वळली, जीभ दुखऱ्या दातावर पुन्हा पुन्हा जाते तशी.

त्या दिवशी लिंबाजीनं दोन्ही पत्र्यांचे नमुने वाकवून ठेवले होते, पेटीच्या झाकणाएवढे. बावीस गेजच्या झाकणाला आतून दोन पट्ट्या होत्या. त्यावर लिंबाजी स्वतः उभा राहिला. पत्रा कुरकुरला, पण राहिला. मग तो अठरावर उभा राहिला. पत्र्यानं हूं की चूं केलं नाही. चंद्रभाननं वाकून खालून हात फिरवला; थंड, सपाट, कुठे पोट नाही. त्यानं अठराकडे बोट केलं. लिंबाजी खाली उतरला, हात पुसले, आणि त्या पत्र्याकडे बघतच म्हणाला, "ठीक हाय. पक्कं काम हुईल. गावाकडल्या आमच्या घराचं दार मी ह्याच पत्र्याचं केलं हुतं. दिवाळीला हैदराबादहून पाठीवर घिऊन गेलो. तीन जणांनी कुऱ्हाडी घातल्या, तुटलं न्हाई ते." तो थांबला. "आतनं उघडलं."

चंद्रभान एक पाऊल मागे सरला. त्यानं शेजारच्या कपाटाला हात टेकवला. ओल्या हॅमरटोन रंगात त्याची पाचही बोटं उमटली. लिंबाजी हसून म्हणाला, असू द्या, पुन्हा मारतो. तेवढ्यात आडोशाकडून म्हातारीचा आवाज आला, ह्ये मास्तर मुके हायेत काय रे, हे ती लिंबाजीला विचारत होती. आल्यापासून एक शब्द नाही. लिंबाजीनं सांगितलं, शिकलेली माणसं कमी बोलतात आई. ती काठी टेकत, एका कुशीवर कलत, दोन पावलं पुढे आली आणि चंद्रभानकडे निरखून बघत राहिली. तिच्या बघण्यात संशय नव्हता, नुसती चौकशी होती, आणि तेच त्याला सोसवेना. पेटी संक्रांतीला घेऊन जा असं लिंबाजी म्हणाला. त्यानं मान हलवली आणि बाहेर पडला. बोटांवरचा रंग रॉकेलनं धुतला तरी नखांच्या कडेला राहिला. त्या आठवड्यात मुलींना तो की-बोर्डवर बोटं ठेवून दाखवायला गेला की आधी नखं लपवी.

संक्रांतीच्या दिवशी सरकारनं विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव घातल्याचं जाहीर केलं. सोळा वर्षं. सकाळपासूनच गावभर कुजबूज होती, दुपारनंतर बाजारपेठेची शटरं एकेक करून खाली आली, एस. टी. गाड्या स्टँडात उभ्या राहिल्या, चौकात पोलिसांची निळी गाडी. सुमननं तिळगुळाचा डबा त्याच्या हातात देता देता परत घेतला आणि म्हणाली, आज कुठे जाऊ नका. तो म्हणाला, पेटी आणायची आहे. पेटी उद्या आणता येत नाही का, असं तिनं विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. रस्ते उन्हानं भरलेले आणि माणसांवाचून रिकामे होते. सायकलच्या चेनचा आवाज त्याला दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असं वाटत होतं. त्याला पेटी नको होती. आज त्या दुकानासमोर लोक जमले असतील, काही झालं असेल, कुणी पत्र्यावर दगड घातला असेल, ह्या धास्तीनं तो निघाला होता, आणि अशी धास्ती वाटून घ्यायचा आपल्याला हक्क नाही हेही त्याला दिसत होतं. दुकान बंद होतं. आत कानस घासल्याचा आवाज येत होता. त्यानं शटरवर थाप मारली तसा तो आवाज थांबला.

उघडा, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते त्याच्याच्यानं म्हणवेना. त्यानं शटरवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "मी चंद्रभान. खापरवाडीचा. दिनकररावांचा पुतण्या. उघडायचं तर उघडा, नाहीतर मी इथूनच बोलतो."

शटर हातभर वर गेलं. लिंबाजीनं खाली वाकून आधी रस्ता बघितला, मग त्याला आत घेतलं आणि शटर पुन्हा ओढलं. आत झरोक्यातून येणारा उजेड होता, आणि मधोमध स्टुलावर त्याची पेटी, रंग मारलेली, करडी. लिंबाजी पुन्हा कामाला बसला. पेटीच्या मागल्या फटीची एक कड राहिली होती, ती तो कानशीनं घासू लागला, आणि त्या आवाजावर चंद्रभाननं सगळं सांगितलं. कुठून सुरुवात केली ते त्याला नंतर आठवलं नाही. पारावरचं हसणं, खांद्यावरचा हात, पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर. अंगद त्या संध्याकाळी फाट्याच्या पलीकडे मेंढरांजवळ होता हेही सांगितलं. कानस थांबली नाही. सांगून संपलं तेव्हाही थोडा वेळ चालूच राहिली, मग कड गुळगुळीत झाली म्हणून थांबली.

"मला कशाला सांगितलं?" लिंबाजी म्हणाला. "म्या तवा हैदराबादेत हुतो. दार म्या उघडलं न्हवतं."

पण आडोसा पत्र्याचाच होता, पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं. पंचफुला काठी न घेता बाहेर आली होती, भिंतीला धरून. ती खाली बसली, पाय लांब केला, आणि त्याला समोर बसायला सांगितलं. तिनं त्याला शिवी दिली असती, हातातलं काही फेकून मारलं असतं, तर त्याला पुढे काय करायचं ते कळलं असतं. ती म्हणाली, "काढ त्यो आवाज."

त्यानं मान हलवली. येत नाही म्हणाला, सोळा वर्षं काढला नाही, काढवत नाही. लिंबाजी शटरकडे तोंड करून उभा होता. चंद्रभाननं डोळे मिटले आणि घशातून तो आवाज शोधू लागला. आधी नुसती हवा आली, मग खोकला, आणि मग तो आला. त्याला वाटलं होतं तो गंजला असेल. मुळीच नाही. सतरा वर्षांच्या पोराचा चिरका, आर्जवी, जिवाला जीव देणारा आवाज त्या बंद दुकानात उमटला. काकी, म्या अंगद हाय. म्हातारीचा हात तिच्या नकळत वर गेला, कडीकडे जावा तसा, आणि हवेत थांबला. मग तिनं तो हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"ह्योच," ती म्हणाली.

पुढे ती चंद्रभानविषयी बोललीच नाही. दोन वर्षांमागे अंगदची आई भिवराबाई पायी, गाडीनं, विचारत विचारत ह्या दुकानात आली होती, हे ती सांगत होती. सोबत घोंगडी आणली होती, स्वतः कातलेल्या लोकरीची. माझ्या पोरानं केलं न्हाई बाई, एवढंच म्हणत दाराशी बसून राहिली होती. मी ती घोंगडी रस्त्यावर फेकली, पंचफुला म्हणाली. तिनं उचलली, झटकली, घडी केली आन् गेली. मग तिनं चंद्रभानकडे पाहून विचारलं, "हाय का ती?"

"गेली," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधी."

पंचफुलानं तोंडावर पदर घेतला. पोलिसांची गाडी बाहेरून भोंगा वाजवत गेली. पदराआडूनच ती म्हणाली की गाड्या सुरू होतील त्या दिवशी तिला अंगदकडे न्यायचं, आणि त्यानं न्यायचं. पेटी उचलायला चंद्रभानचा हात गेलाही नव्हता, तरी लिंबाजीनं ती स्टुलावरून उचलून मागच्या फळीवर ठेवली. जाऊन या, म्हणाला. मग बघू.

चौथ्या दिवशी जिंतूरमार्गे पहिली गाडी सुटली. पंचफुला खिडकीशी बसली, तो मधली जागा सोडून. अडीच तासांत तिनं एकदाच तोंड उघडलं, पाणी मागितलं. सुमनला त्यानं आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती रात्रभर पाठ करून झोपली आणि पहाटे उठून दोन माणसांच्या भाकरी बांधून दिल्या. भाकरी कुणासाठी, हे त्यानं विचारलं नाही. देवगाव फाट्यावर उतरून ते बैलगाडीनं गेले. कापूस वेचून उघड्या पडलेल्या एका रानात अंगदची मेंढरं बसवली होती. अंगद आता तेहतिशीत म्हाताऱ्यासारखा दिसत होता. पंचफुलाला बघून तो उठून उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरकला. सवयीनं. ती गाडीतून उतरली, कलत कलत गेली आणि त्याचे दोन्ही हात धरून तिनं कपाळाला लावले. चंद्रभान सांगू लागला. अंगदनं त्याला पुरतं सांगूच दिलं नाही.

"मला सांगून काय करू?" तो बसक्या गळ्यानं म्हणाला. "म्या न्हवतो, ह्ये मला ठावं हाय. गावाला सांग."

म्हणून ते गावात गेले, पंचफुला गाडीत, दोघं गाडीच्या दोन बाजूंनी चालत. दिनकरराव ओट्यावर पेपर वाचत होते. गाडीत कोण आहे ते त्यांनी ओळखलं, पुतण्याचा चेहरा बघितला, आणि चष्मा काढून सावकाश घडी घातली. आवाजात तीच माया होती.

"आत ये. च्या घे. काय आसंल ते आत बोलू."

"न्हाई काका," चंद्रभान म्हणाला. "हितंच बोलतो."

तो बोलला. पारावरची माणसं उठून जवळ आली, शेजारच्या घरांतून बाया दाराशी आल्या. कुणी मध्येच म्हणालं, जुनी मढी कशाला उकरता, कुणी हसलं, दोघं-तिघं, जे त्या दिवशी होते, पाठ फिरवून निघून गेले. त्यानं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही, आपलं आणि चुलत्याचं घेतलं. आवाज मोठा होता, इतका की त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. संपल्यावर दिनकरराव म्हणाले, ह्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नको. त्याची आई पार्वतीबाई आत होती. माजघरात तिच्या बांगड्या वाजलेल्या त्यानं ऐकल्या, पण ती बाहेर आली नाही. अंगदनं सगळं ऐकून घेतलं, पटका नीट केला, पंचफुलाला तिच्यासाठी दूध काढून ठेवल्याचं सांगितलं आणि गाडी रानाकडे वळवली. चंद्रभानला ये म्हणालं नाही कुणी, जा म्हणालं नाही. तो फाट्यापर्यंत चालत आला. भाकरीचं गाठोडं गाडीतच राहिलं होतं.

पंचफुला तिकडे आठ दिवस राहिली. ती परत आल्याचं कळलं तसा चंद्रभान दुकानात गेला. मध्ये त्यानं तालुक्याला जाऊन लेखी जबाब दिला होता. जुनं प्रकरण, आता काय, म्हणत पोलिसांनी तो घेतला होता. दुकान उघडं होतं, रस्त्यावर रहदारी होती. लिंबाजीनं त्याला बघितलं आणि आडोशाकडे तोंड करून आईला विचारलं, बोलला का? बोलला, आतून आवाज आला. मग लिंबाजीनं फळीवरून पेटी काढली, धूळ पुसली, झाकण लावून चारही स्क्रू पिळले, बाजूंनी हात फिरवून कुठे कड लागते का ते बघितलं. मागच्या फटी एका रेषेत होत्या. पंख्याच्या भोकाला त्यानं न सांगता बारीक जाळी बसवली होती, कापसाचा पुंजका आत जाऊ नये म्हणून. काम इतकं नेटकं होतं की चंद्रभानला त्याच्याकडे बघवेना. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं विचारलं, पुढेमागे काही ढिलं झालं तर आणू का?

"व्हायचं न्हाई ढिलं," लिंबाजी म्हणाला. "पर झालंच, तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या मास्तर. आता हितं येऊ नका."

चंद्रभाननं पेटी दोन्ही हातांनी उचलली. लिंबाजी तोवर पुढच्या कपाटाच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारू लागला होता.